पहिले दोन भाग न खेळता ‘द विचर ३’ हा व्हिडिओ गेम समजेल का, आणि आता खेळण्यात मजा आहे का?

समजेल. मीही तसाच खेळलो. पहिला भाग २००७ चा, दुसरा २०११ चा. ते मी अजून उघडलेलेही नाहीत. तिसरा २०१५ चा असला तरी डिसेंबर २०२२ ला नव्या ग्राफिक्सचं अपडेट फुकट आलं, त्यामुळे तो जुना वाटत नाही. गोष्टीपुरतं एवढं लक्षात ठेवा: गेराल्ट हा पैसे घेऊन राक्षस मारणारा विचर, आणि लेकीसारखी वाढवलेल्या सिरीला तो शोधतोय. नवा गेम सुरू करताना दुसऱ्या भागाचं सेव्ह ‘सिम्युलेट’ करायचं का, म्हणजे त्यातले निर्णय इथे धरायचे का, विचारतात, ते बंद ठेवा. नाहीतर विझिमाच्या राजवाड्यात दाढी करून घेताना निल्फगार्ड या चढाई करून आलेल्या साम्राज्याचा सेनापती जुन्या निर्णयांबद्दल विचारत सुटतो, आणि तो कुणाबद्दल बोलतोय तेच आपल्याला कळत नाही.

व्हाईट ऑर्चर्ड हे पहिलं गाव मात्र घाईत उरकू नका. मी बेळगावकडच्या खानापूर तालुक्यातला, म्हणून असेल, पण मला हा गेम तिथेच लागला. टेमेरिया हे तिथलं राज्य हरलंय, निल्फगार्डची फौज गावात उतरलीय. खानावळवाली बाई भिंतीवरची टेमेरियाची लिलीची ढाल उतरवते, कारण नवीन मालकांशी तिला उद्या धंदा करायचाय. त्यावरून गावातलेच लोक तिच्या अंगावर धावून जातात. फौज बाहेर असते, मारामारी होते शेजाऱ्यांत.

आमच्याकडे १९५६ ला राज्य बदललं, घर जागेवरच राहिलं. आजीच्या जमिनीचा कानडी उतारा मी तिला वाचून दाखवायचो. बाजारात कुठली पाटी कुठल्या भाषेत, यावरून दुकानदाराशी हुज्जत घालणारी ओळखीचीच माणसं मी पाहिलीत. तो प्रसंग आला तेव्हा मी कंट्रोलर खाली ठेवला आणि दोन मिनिटं नुसता बघत बसलो. पोलंडमधल्या लोकांनी बनवलेल्या गेममध्ये ही खानावळ भेटेल असं वाटलं नव्हतं. पुढचं वेलेन तर दोन फौजांच्या मधे अडकलेला मुलूख. तिथल्या गावांतल्या नोटीस बोर्डावरचे कागद सगळे वाचा. कामं तर मिळतातच, पण कुणाची गाय हरवली, कुणाचा नवरा परतला नाही, हेही तिथेच कळतं.

खटकणारं थोडं आहे. रोच घोडी कुंपणापाशी अडकते, सामानाचं वजन सारखं जास्त होतं, गेराल्ट जड वळतो. सेटिंगमध्ये हालचालीचा दुसरा पर्याय आहे, तो लावा, बराच फरक पडतो. लढाई चालू असताना सेव्ह होत नाही, हेही ध्यानात असू द्या. आमच्याकडे जुलैच्या पावसात लाईट केव्हा जाईल याचा नेम नसतो. ग्रिफिन हा उडता राक्षस मरायला आला आणि लाईट गेली, असं माझं दोनदा झालं. लढाईला उतरायच्या आधी सेव्ह करत चला.

आणि वेलेनमधल्या बॅरनची, म्हणजे तिथल्या सरदाराची, गोष्ट. पुढचं थोडं फुटेल, नको असेल तर इथेच थांबा. दारू पिऊन बायकोला मारणारा हा माणूस, आणि गेम त्याला कुठेही सोडत नाही. पोटातच गेलेलं मूल त्याने नाव न ठेवता, विधी न करता पुरलेलं असतं, आणि ते भूत होऊन उठतं. त्याला तलवारीने मारताही येतं. मारू नका. बॅरन ते हातात घेऊन रात्रीच्या अंधारात चालतो, ते चवताळलं की ॲक्सी हा गेराल्टचा मन शांत करणारा मंत्र टाकून आपण त्याला शांत करायचं, मधेच पिशाच्चं येतात त्यांच्याशी लढायचं. मग घराच्या उंबरठ्याशी तो त्याला नाव देतो, लेक म्हणतो, आणि उंबऱ्याखाली पुरतो.

मी हे खेळत होतो तेव्हा आई जेवायला बोलवायला आली होती. इंग्रजी तिला येत नाही. पण उंबरठा दिसला, खड्डा दिसला, तशी ती दारातच थांबली. काय चाललंय ते मी सांगितलं. तिने एवढंच विचारलं, “नाव काय ठेवलं रे?”

“डेया,” मी म्हटलं.

जेवण त्या दिवशी उशिराच झालं.