मंगळ वक्री होतो म्हणजे खरंच मागे जातो का?

नाही हो, तो मागे जात नाही, आपण त्याला ओव्हरटेक करतो. ठाण्याहून सुटलेली फास्ट मुलुंडच्या आसपास शेजारच्या स्लोला गाठते, तेव्हा खिडकीतून स्लो उलटी सरकल्यासारखी वाटते ना, तसंच. पृथ्वीची फेरी ३६५ दिवसांची, मंगळाची ६८७. म्हणून साधारण २६ महिन्यांनी तो दोन-अडीच महिने वक्री दिसतो. प्राचीन खगोलज्ञ टॉलेमीने पृथ्वी मध्यभागी धरून यासाठी वर्तुळावर वर्तुळं चढवली होती. १५४३ मध्ये कोपर्निकसने सूर्य मध्यभागी मांडला, वक्रीचं कोडं सुटलं. वर्तुळं मात्र त्यालाही सोडवली नाहीत! ती केप्लरने मोडली, तीही वर्तुळांच्या गणितात आणि खगोलनिरीक्षक टायको ब्राहेच्या नोंदींत जेमतेम ८ कलांचा (एक कला म्हणजे अंशाचा साठावा भाग) फरक पडला म्हणून. पौर्णिमेच्या चंद्राच्या रुंदीचा पाव भाग फक्त. १६०९ मध्ये त्याने मंगळाची कक्षा लंबवर्तुळाकार असल्याचं छापलं.