वाटीखालचा खाऊ

प्रश्न : तीन वाट्यांपैकी एकीखाली खाऊ लपवला, की आमचा कुत्रा वास न घेता सगळ्याच वाट्या पंजाने उलथ्या करतो. काय चुकतंय?

उत्तर : तीन वाट्यांवर येण्याची घाई झाली. आधी एकच वाटी घ्या. खाऊ त्याच्या डोळ्यांदेखत झाका आणि वाटी बोटाने दाबून धरा. पंजा मारला तर हलू द्यायची नाही. नाक टेकवलं, की लगेच उचला. पाचातल्या चार वेळा नाक पुढे आलं, की दुसरी वाटी मांडा. खाऊ मात्र कायम एकाच, खूण केलेल्या वाटीखाली. वास वाटीला चिकटतो, म्हणून अदलाबदल केल्यास रिकामी वाटीही त्याला भरलेलीच वाटते. वाटीची जागा खुशाल बदला. पंखा बंद ठेवा, तुकडे नखाएवढे, तेही रोजच्या जेवणातलेच. पाच मिनिटं पुरेत.