फिनलंडचा कॅरिया हा एकाच गाण्याचा गायक आहे का?

आपण विचारले आहे की, २०२३ च्या युरोव्हिजन गीतस्पर्धेत (प्रत्येक देश एकेक गाणे पाठवतो ती युरोपातील वार्षिक स्पर्धा) दुसरा आलेल्या फिनलंडच्या कॅरियाला इतके लोक ‘खरा विजेता’ का म्हणतात, आणि ‘चा चा चा’ या एका गाण्यापलीकडे त्याची काही कारकीर्द आहे की नाही. माझे मत असे आहे की तो एका गाण्याचा गायक नाही, एका रीतीचा गायक मात्र नक्कीच आहे. ही रीत त्याने स्पर्धेच्या कितीतरी आधी स्वतःच्या हाताने घडवली होती, आणि दुसऱ्या क्रमांकाने त्याचे जे झाले ते बहुतेक विजेत्यांच्या वाट्यालाही येत नाही. मी संगीतसमीक्षक नाही. ही स्पर्धा आणि फिनिश पॉप संगीत आवडीने ऐकणारा श्रोता या नात्यानेच लिहितो आहे.

कॅरिया हे रंगमंचावरचे नाव आहे. त्याचे खरे नाव येरे पॉयहॉनेन, जन्म २१ ऑक्टोबर १९९३ चा, आणि तो हेलसिंकीला लागून असलेल्या वान्ता या शहराचा. लहानपणी तो ड्रम्स वाजवायला शिकला, हेवी मेटल या कर्णकठोर रॉक संगीताकडे ओढला गेला आणि तेथून रॅपकडे वळला. राम्स्टाइन या जर्मन वाद्यवृंदाचे त्याला असलेले वेड त्याने कधी लपवले नाही, आणि त्याचा जाड, ठोकून उच्चारलेला आवाज ऐकला की ते लपवता आलेही नसते हे कळते. ऐन तारुण्यात आतड्याच्या गंभीर आजारामुळे त्याच्यावर मोठी शस्त्रक्रिया करावी लागली होती, हे त्याने मुलाखतींतून स्वतःच सांगितले आहे. २०१७ मध्ये ‘पेलिया’ हा त्याचा छोटा गीतसंच आला आणि २०२० मध्ये ‘फान्तास्तिस्ता’ हा पहिला पूर्ण अल्बम. म्हणजे युरोपने त्याला पाहिले त्याच्या आधी निदान सहा-सात वर्षे तो फिनिश भाषेत, फिनिश श्रोत्यांसाठी गाणी लिहीत होता. त्या काळात त्याचे नाव फारसे कोणाला ठाऊक नव्हते. फिनलंडची लोकसंख्या जेमतेम ५५ लाख, म्हणजे एकट्या मुंबईपेक्षाही कितीतरी कमी, आणि एवढ्या छोट्या बाजारपेठेत रॅपमध्ये मेटल मिसळणाऱ्या गायकाला लगेच मोठा श्रोतृवर्ग मिळणे कठीणच होते.

येथे फिनलंडच्या संगीताविषयी थोडे सांगितले पाहिजे, नाहीतर ‘चा चा चा’ हा निव्वळ विक्षिप्तपणा वाटतो. त्या देशात हेवी मेटल ही काही बंडखोर तरुणांपुरती उरलेली गोष्ट नाही. डायनोसॉरचे पोशाख घालून लहान मुलांसाठी मेटल वाजवणारा हेवीसॉरस नावाचा वाद्यवृंदही तेथे लोकप्रिय आहे. दुसरीकडे ‘इस्केल्मा’ या नावाने ओळखली जाणारी, सोप्या चालीची आणि थोडी हळवी अशी लोकप्रिय गाण्यांची परंपरा आहे. उन्हाळ्यात तळ्याकाठच्या लाकडी नृत्यमंडपांत जोडीने नाचण्याची प्रथा आहे, आणि सेइनायोकी येथे १९८५ पासून टँगोचा मोठा महोत्सव भरतो. कठोर मेटल आणि जोडीने नाचायचे गोड गाणे ही बाहेरच्या माणसाला दोन टोके वाटतात, परंतु एकाच फिनिश घरात दोन्ही सहज ऐकली जातात. कॅरियाचे कसब असे की त्याने ही दोन्ही टोके तीन मिनिटांत एकमेकांना बांधली.

ते गाणे त्याने अलेक्सी नुर्मी आणि योहानेस नौक्कारिनेन यांच्यासह लिहिले. त्याची रचना बारकाईने ऐकण्यासारखी आहे. पहिला भाग जवळजवळ पूर्णपणे ताल, गुरगुर आणि जड गिटारवजा आवाजांवर उभा आहे; त्यात गाणारा माणूस दमलेला, संकोची, स्वतःला आवरून धरलेला आहे आणि पिन्या कोलादा या मद्यपेयाच्या आधाराने नाचण्याचे धाडस गोळा करतो आहे. धृवपद म्हणजे घोषणाच. भाषा न येणाऱ्यालाही दुसऱ्या वेळेस सोबत ओरडता येईल अशी. मग शेवटच्या तृतीयांशात गाणे अचानक उजळते, कर्कशपणा गळून पडतो आणि थेट नृत्यमंडपात शोभेल अशी सुरेल, खुली चाल सुरू होते. बदल चालीत होतो तसाच माणसातही होतो, कारण तोवर त्याचा संकोच सुटलेला असतो. स्पर्धेतील बहुतेक गाणी शेवटी एक सूर वर चढवून टाळ्या मिळवतात. येथे पूर्ण शैलीच बदलते आणि तरीही गाणे तुटत नाही. फिनिश भाषेत प्रत्येक शब्दाचा आघात पहिल्या अक्षरावर येतो, त्यामुळे ठोकून म्हणायच्या ओळी तिच्यात फार चांगल्या बसतात, असे मला नेहमी वाटते. हेच गाणे इंग्रजीत लिहिले असते तर त्याचा निम्मा जोर गेला असता.

हा मुद्दा लहान नाही. फिनलंडने युरोव्हिजनमध्ये १९६१ मध्ये पदार्पण केले आणि त्याला आजवर एकच विजय मिळाला आहे: २००६ मध्ये अथेन्स येथे, राक्षसांचे मुखवटे घालणाऱ्या लॉर्डी या रॉक वाद्यवृंदाचा, आणि तेही इंग्रजी गाण्याने. २०१५ मध्ये फिनिश भाषेतले एक अत्यंत छोटे पंक गाणे पाठवले गेले आणि ते उपांत्य फेरीतच अडले; त्यानंतर २०२२ पर्यंत प्रत्येक वर्षी इंग्रजी गाणेच गेले. जिंकायचे तर इंग्रजीत गायला हवे, हा समज त्यामुळे पक्का होत चालला होता. २५ फेब्रुवारी २०२३ रोजी तुर्कू शहरातील लोगोमो सभागृहात राष्ट्रीय निवडस्पर्धा झाली, तेव्हा समोर रॉबिन पाकालेनसारखा लहान वयापासून देशभर ठाऊक असलेला पॉप गायक होता. कॅरियाने ती स्पर्धा फार मोठ्या फरकाने जिंकली.

लिव्हरपूलमध्ये १३ मे रोजी युरोव्हिजनच्या अंतिम फेरीत जे घडले त्यातच आपल्या प्रश्नाच्या पहिल्या भागाचे उत्तर आहे. या स्पर्धेत प्रत्येक देश दोन स्वतंत्र प्रकारे गुण देतो: एकदा संगीत व्यवसायातील जाणकारांचे परीक्षक मंडळ, आणि एकदा घरी बसलेले प्रेक्षक. प्रत्येक संचात सर्वाधिक गुण १२. स्वीडनच्या लोरीनला परीक्षकांकडून ३४० गुण मिळाले, कॅरियाला केवळ १५०, आणि परीक्षकांच्या यादीत तो इस्राएल व इटली यांच्याही मागे चौथा होता. प्रेक्षकांच्या मतांत चित्र पूर्ण उलटे झाले: कॅरियाला ३७६, लोरीनला २४३. त्या वर्षी ३७ देश सहभागी होते आणि सहभागी नसलेल्या देशांतील प्रेक्षकांचा एक वेगळा संच प्रथमच जोडला गेला होता. स्वतःच्या देशाला मत देता येत नाही हे धरले, तर प्रेक्षकांकडून कोणत्याही गाण्याला जास्तीत जास्त ४४४ गुण मिळू शकत होते, आणि त्यांपैकी ३७६ एका फिनिश गाण्याला मिळाले. अठरा देशांच्या प्रेक्षकांनी त्याला पूर्ण १२ गुण दिले. बेरीज मात्र लोरीन ५८३ आणि कॅरिया ५२६ अशी झाली. परीक्षकांचे गुण जाहीर होत असताना सभागृहातला जमाव मध्येच ‘चा चा चा’ असा गजर करीत होता, तो प्रक्षेपणातही स्पष्ट ऐकू येतो. ‘खरा विजेता’ हे विशेषण या दोन आकड्यांमधल्या दरीतून आले.

मला ते विशेषण तितकेसे पटत नाही. नियम सर्वांना आधीपासून माहीत होते, दोन्ही बाजूंचे वजन सारखे होते, आणि लोरीनचे गायन त्या रात्री खरोखरच निर्दोष होते. २०१२ मध्येही जिंकलेली ती स्पर्धेच्या इतिहासात दोनदा जिंकणारी पहिली स्त्री ठरली, हे काही योगायोगाने झाले नाही. विजेता देश सहसा पुढच्या वर्षी स्पर्धा भरवतो, आणि २०२४ मध्ये आब्बा या स्वीडिश वाद्यवृंदाच्या १९७४ मधील विजयाला पन्नास वर्षे होत असल्यामुळे स्पर्धा स्वीडनला ‘दिली गेली’, अशा ज्या गोष्टी पसरल्या त्यांना मी फारसे महत्त्व देत नाही. परीक्षकांना आवाजाची क्षमता, सादरीकरण, रचनेची मौलिकता आणि एकूण प्रभाव पाहायचा असतो. शेवटच्या सुरेल भागात कॅरियाचा आवाज रॅपइतका भक्कम नव्हता, हे त्याच्या चाहत्यांनीही मान्य करायला हरकत नाही. परंतु मौलिकता हाही निकष असताना त्या गाण्याला मिळालेले १५० गुण मला कंजूषपणाचे वाटतात. परीक्षकांनी गळा तोलला आणि गाणे तोलायचे राहून गेले, अशी माझी तक्रार आहे. लाकडी खोक्यातून बाहेर पडणे, गुलाबी पोशाखातल्या नर्तकांना फितींनी बांधणे आणि अंगात फक्त फुगीर हिरव्या बाह्या, हे सगळे हास्यास्पद वाटते खरे. परंतु संकोचाच्या खोक्यातून सुटणाऱ्या माणसाचीच गोष्ट ते दृश्यही सांगत होते.

पराभवानंतरचे दिवस कारकिर्दीच्या दृष्टीने अधिक महत्त्वाचे आहेत. ‘चा चा चा’ फिनलंडमध्ये पहिल्या क्रमांकावर होतेच. ब्रिटनच्या अधिकृत यादीत ते सहाव्या क्रमांकापर्यंत गेले. ब्रिटिश श्रोते परभाषेतले गाणे सहसा डोक्यावर घेत नाहीत, हे लक्षात घेतले तर फिनिश गाण्याची ही झेप केवढी होती याची कल्पना येते. त्याच वर्षी त्याने एस्टोनियाच्या टॉमी कॅश या रॅपरबरोबर एक जोडगाणे काढले. पाठोपाठ युरोपभर दौरे सुरू झाले, आणि फिनलंडमध्ये लहान मुलांपासून आजीआजोबांपर्यंत सर्वांनी हिरव्या बाह्या अंगावर चढवल्या. विजेत्याला पुढच्या वर्षी करंडक सोपवून मागे हटावे लागते. याच्याकडे सोपवायला काहीच नसल्यामुळे लोकांच्या मनात तो जागच्या जागीच राहिला. २०२४ मध्ये आलेल्या त्याच्या अल्बमचे नावच ‘पीपल्स चॅम्पियन’ आहे, म्हणजे ते बिरुद त्याने नाकारले नाही, उलट त्याचा व्यवसाय केला. हे चतुरपणाचे होते, परंतु त्यात धोकाही होता.

धोका असा की, स्पर्धेने ओळख दिलेला गायक स्पर्धेच्याच जगात अडकून राहतो. मे २०२४ मध्ये स्वीडनमधील माल्मो येथे झालेल्या पुढच्या युरोव्हिजनमध्ये तो फिनलंडच्या परीक्षकांचे गुण वाचून दाखवणार होता, परंतु इस्राएलच्या सहभागावरून वातावरण तापलेले असताना त्याने अंतिम फेरीच्या दिवशीच, गुण देणे आपल्याला योग्य वाटत नाही, असे सांगून माघार घेतली. त्या वर्षी क्रोएशियाचा बेबी लासान्या हा गायक अगदी त्याच्यासारखाच प्रेक्षकांच्या मतांत पहिला आणि एकूण दुसरा आला. पुढे २०२५ मध्ये बासेल येथील अंतिम फेरीत या दोघांनी पाहुणे कलाकार म्हणून एकत्र गाणे सादर केले. दोन उपविजेते एकमेकांशी लुटुपुटूची लढाई करीत होते, आणि प्रेक्षक खूश होते. मीही हसलो. तरीही वान्ताच्या या गायकाला युरोव्हिजनचा उल्लेख नसलेले एखादे मोठे गाणे आता हवे आहे, हा विचार तेव्हा मनात आल्याशिवाय राहिला नाही.

सुरुवातीला मी ‘एका रीतीचा गायक’ म्हटले, त्याचा अर्थ येथे सांगतो. त्याच्या गाण्यांत पुन्हा पुन्हा तोच साचा येतो: धमकावणारी सुरुवात, पोरकट म्हणावे इतके सोपे धृवपद, मग अनपेक्षित गोडवा, आणि या सगळ्याच्या मागे स्वतःवरच हसणारा एक लाजाळू माणूस. ‘फान्तास्तिस्ता’ ऐकले तर हा साचा तेथे कच्च्या रूपात सापडतो, रॅपचे वजन अधिक आणि चालींचे कमी. ‘पीपल्स चॅम्पियन’मध्ये तो इतका घोटून झालेला आहे की काही ठिकाणी पुढे काय येणार हे आधीच कळते. मला पहिला अल्बम अधिक आवडतो, कारण त्यात चुकण्याची भीती दिसत नाही. लोकप्रियतेच्या दृष्टीने दुसरा अर्थातच फार पुढे आहे.

आपल्याला ऐकायला सुरुवात करायची असेल तर लिव्हरपूलच्या चित्रफितीऐवजी आधी तुर्कूच्या निवडस्पर्धेतील सादरीकरण पाहावे. तेथे सभागृह लहान आहे, गाणे श्रोत्यांच्या भाषेतले आहे, आणि हा गायक आपल्याच लोकांसमोर किती मोकळा होतो ते दिसते. त्यानंतर ‘फान्तास्तिस्ता’ सलग ऐकावा आणि मग हवे तर लिव्हरपूलकडे जावे.