सकाळचे तीन तास मुलांचे

पत्र: "आम्ही मूळचे वडगाव शेरीचे. यांच्या मिशनकामासाठी सध्या झांबियातल्या एका गावात राहतो. जवळ धड शाळा नाही, म्हणून थोरल्याला (वय १०) आणि मधलीला (वय ६) मीच घरी शिकवते. धाकटा दोन वर्षांचा आहे. सकाळपासून दारात कुणी ना कुणी येतं, विजेचा भरवसा नाही, हे आठवड्यातले चार दिवस खेड्यांवर असतात. अभ्यास दुपारपर्यंत रेंगाळतो, माझा आवाज चढतो, मुलगी रडते. सासूबाई फोनवर म्हणतात, पोरांचं वाटोळं करताय. रात्री मलाही तसंच वाटतं. परत पुण्याला आलो तर मुलांना शाळेत कोण घेईल?"

ताई,

वाटोळं होत नाहीये. सहा आणि दहा वर्षांच्या मुलांना घरी शिकवायला दिवसभर लागतच नाही. शाळेत एका वर्गात चाळीस-पन्नास मुलं असतात. हजेरी, रांगा, वह्या तपासणं यात अर्धा वेळ जातो. समोर एकच मूल असेल तर मुलीला तास-सव्वा तास आणि थोरल्याला अडीच तास भरपूर झाले. तुमच्याकडे अभ्यास लांबतो, कारण तो दर दहा मिनिटांनी तुटतो. दुखणं शिकवण्यात नाही, दाराशी आहे.

झांबियात दारी आलेल्या माणसाला परत लावणं उद्धटपणा समजतात, आणि मिशनच्या घरी तर लोक हक्कानं येतात. तेव्हा दार बंद करू नका, दाराशी दुसरं माणूस ठेवा. व्हरांड्यात बाक, पाण्याची घागर आणि चर्चच्या मंडळीतली एखादी बाई, तिला तिच्या वेळेचे पैसे देऊन. साडेसात ते साडेदहा मुलांची शाळा, दुपारी तीननंतर घर सगळ्यांना मोकळं, हे रविवारच्या उपासनेनंतर यजमानांनी स्वतः सांगावं. तुम्ही सांगितलंत तर वहिनी लोकांना टाळतात असं होईल. आजारपण किंवा मयत असेल तर अर्थातच नियम बाजूला.

यजमानांशी आणखी एक बोलायचंच आहे. खेड्यांवरचा दौरा त्यांनी मंगळवारी सकाळी अकराला सुरू करावा आणि सोमवार-मंगळवार थोरल्याचं गणित स्वतः घ्यावं. याला मदत म्हणू नका. मुलं दोघांची आहेत, आणि मिशनकामाच्या नावाखाली ही जबाबदारी एकटीवर पडणं योग्य नाही. मुलांची पुस्तकं, छपाई, परीक्षेची फी हा खर्च मिशनच्या वार्षिक अंदाजपत्रकात मागून घ्या. तो घरखर्चातून काटकसरीनं काढायचा नाही.

आता ते तीन तास. आधी मधली. तिला वीस मिनिटं वाचन, वीस मिनिटं गणित, मध्ये पाच मिनिटं अंगणात पळून येणं. तेवढ्या वेळात थोरल्यानं स्वतःच्या स्वतः करायचं काम करावं: शुद्धलेखनाचं एक पान आणि काल शिकलेल्या प्रकारची पाच गणितं, नवीन काही नाही. नवीन धडा त्याला एकट्यावर सोडला की तो दर मिनिटाला 'आई' करतो आणि दोघांचाही अभ्यास बुडतो. मग मधली चित्रं काढायला बसेल आणि तुम्ही थोरल्याकडे वळाल. इतिहास, भूगोल, विज्ञान दोघांना एकत्र वाचून दाखवा; थोरल्यानं नंतर पाच ओळी लिहायच्या, मधलीनं तोंडी सांगायचं. धाकट्यासाठी एक टोपली: स्टीलच्या वाट्या, झाकणं, लाकडी चमचे. ती फक्त शाळेच्या वेळात बाहेर निघते, एरवी नाही; नाहीतर दोन दिवसांत तिची गंमत संपते. राजमा-वाटाणे त्यात घालू नका, या वयात नाकात जातात.

आवाज कधी चढतो तेही पाहा. बहुतेक घरांत तो मराठीच्या तासाला चढतो. मुलगी अक्षरं ओळखते, 'कमळ' वाचते आणि 'पुस्तक'पाशी अडते, कारण स चा दंड कुठे गेला हे तिला कुणी दाखवलेलं नसतं. जोडाक्षर वाचायला लावण्याआधी लिहून फोडून दाखवा: स्, मग त, मग स्त. दिवसाला एकच जोडाक्षर आणि त्याचे चार शब्द: पुस्तक, रस्ता, बस्ता, मस्त. दुसऱ्या दिवशी त्याच चार शब्दांचं श्रुतलेखन, मग नवीन जोडाक्षर. 'वर्ग' आणि 'चक्र' यांतले र मात्र एका दिवशी घेऊ नका, दोन्हींची गल्लत होते.

सासूबाईंना या कामात ओढा. तुमच्याकडे दुपारचे तीन वाजतात तेव्हा पुण्यात साडेसहा झालेले असतात. बालभारतीचं 'किशोर' मासिक १९७१ पासून निघतंय, त्याचे जुने अंक मोफत डाउनलोड होतात. तीच गोष्ट दोन्हीकडे छापून ठेवा. आठवड्यातून तीन दिवस आजीनं फोनवर एक परिच्छेद वाचायचा, नातवानं पुढचा. महिनाभरानं नातू कसा वाचतो हे त्यांना तुमच्याकडून ऐकावं लागणार नाही.

वीज जायची ती जाणारच, म्हणून रोजचा अभ्यास पडद्यावर ठेवू नका. बालभारतीच्या पुस्तकांच्या पीडीएफ छापून, पुस्तकांसह झाकणाच्या प्लास्टिक पेटीत ठेवा. नोव्हेंबर ते एप्रिलच्या पावसात कागदाला बुरशी धरते. मुलाला ताप आला तर त्या दिवशी शाळा बंद आणि मलेरियाची चाचणी त्याच दिवशी, संध्याकाळपर्यंत वाट न पाहता.

पुण्यातल्या शाळेचं. शिक्षणहक्क कायद्यानुसार (२००९) सहा ते चौदा वयाच्या मुलाला वयानुरूप वर्गात प्रवेश मिळतो. म्हणजे आठवीपर्यंत परत आलात तर महापालिकेच्या शाळेचा रस्ता मोकळा आहे. खासगी शाळा आधी जागा बघतात आणि बहुधा मुलाला वाचायला, गणितं सोडवायला बसवतात. खरी अडचण नववीनंतर येते: सीबीएसईत विद्यार्थ्याची नोंदणीच नववीत होते आणि थेट दहावीत शिरणं कठीण. म्हणून थोरल्यापुरता निर्णय तो बारा वर्षांचा होईपर्यंत करून टाका. एक तर आठवीपर्यंत पुण्यात परत, नाहीतर एनआयओएस, म्हणजे केंद्राची मुक्त विद्यालय संस्था. तिथे दहावीला वय १४ पूर्ण लागतं, किमान पाच विषय घ्यावे लागतात, त्यात निदान एक भाषा, मराठीही चालते. परीक्षा वर्षातून दोनदा, एप्रिल-मे आणि ऑक्टोबर-नोव्हेंबरच्या सुमारास, आणि विषय एकेक करून सोडवता येतात. तो पुढे विज्ञानाकडे जाणार असेल तर अवघड म्हणून गणित टाळू नका. विज्ञान घेतलंत तर प्रात्यक्षिक परीक्षाही असते. परीक्षा केंद्र पुण्यात निवडलंत तर विमानाची तिकिटं काढताना ते दिवस धरा.

कोणताही मार्ग घेतलात तरी कागद लागतील. थोरल्याचा पुण्यातल्या शाळेचा शाळा सोडल्याचा मूळ दाखला हाती आहे का ते आजच बघा, नसेल तर सासूबाईंकरवी अर्ज द्या. सोबत जन्मदाखले, आधार, आणि प्रत्येक मुलाचं महिन्याला एक पान: काय शिकवलं, कुठे अडलं, तारीख. सहामाहीला दोन वह्या जपून ठेवा, चुका असलेल्याच. कोऱ्या सुंदर वहीवर कुणी विश्वास ठेवत नाही.

पुढच्या खेपेला पुण्यात आलात की पुस्तकं अप्पा बळवंत चौकातून मे संपायच्या आत घ्या, जूनमध्ये तिथे पाय ठेवायला जागा नसते. पहिलीपासून पुस्तकं टप्प्याटप्प्यानं बदलताहेत, तेव्हा आवृत्तीचं वर्ष पाहूनच घ्या. मराठीचा प्रत्येकी एक संच जास्तीचा घेऊन आजीपाशी ठेवा.