चलनाची चिठ्ठी हरवली, आता दंड कुठे भरायचा?

ताई, पुण्यात सिग्नलला मुलाची स्कूटर अडवली, दंडाची चिठ्ठी दिली आणि ती रेनकोटच्या खिशात भिजून गेली, असं तुम्ही लिहिलंय. आता केस होईल का, ही तुमची धास्ती मला कळते. पण काळजी करू नका. पोलिसांच्या हातातल्या मशीनवर चलन फाडलं त्याच वेळी ते गाडीच्या नंबरावर चढलं. चिठ्ठी ही फक्त त्याची प्रत. ती हरवल्याची तक्रार द्यायला चौकीत जायची गरज नाही. तो कागद तसाही टिकत नाही. उन्हात गाडीच्या डिकीत राहिला तरी अक्षरं उडून जातात.

महाट्रॅफिकचं ॲप किंवा महाट्रॅफिकईचलन डॉट गव्ह डॉट इन ही साइट उघडा. चलन नंबर नसला तरी चालतो. गाडीचा नंबर आणि चासी किंवा इंजिन नंबरचे शेवटचे चार आकडे टाकले की थकीत चलनं समोर येतात. चासी नंबर आरसीवर असतो. कार्ड सापडत नसेल तर डिजिलॉकरमधून आरसी काढा.

आता सगळ्यात महत्त्वाचं. यादी आली म्हणून लगेच पैसे भरू नका, प्रत्येक चलन उघडून फोटो बघा. मी स्वतः एक चलन शोधायला बसलो होतो आणि निघाली दोन. दुसऱ्यातला फोटो मोठा केला तर काळी मोटरसायकल, वर दोघं जण, आणि नंबर प्लेटवर चिखल. तिच्या नंबरातला ८ कॅमेऱ्याने ३ वाचला होता आणि दंड आमच्या करड्या मोपेडवर पडला होता. त्याच साइटवर तक्रारीची सोय आहे. तिथे आमच्या गाडीचा नंबर प्लेटसकट फोटो आणि आरसी जोडली. पाठपुरावा करावा लागला, पण ते चलन रद्द झालं. आधी पैसे भरून मोकळा झालो असतो, तर चूक मीच कबूल केल्यासारखं झालं असतं.

तुमचं चलन खरं असेल तर यूपीआयने किंवा कार्डाने भरा आणि पावती फोनमध्ये जपून ठेवा. ऑनलाइन जमत नसेल तर वाहतूक शाखेच्या चौकीत जाऊन गाडीचा नंबर सांगा. बरेच दिवस थकलेलं चलन महाट्रॅफिकवर दिसेनासं झालं, तर व्हर्च्युअल कोर्टाच्या, म्हणजे अशी दंडाची प्रकरणं ऑनलाइन चालवणाऱ्या कोर्टाच्या साइटवर गाडीचा नंबर टाकून बघा. प्रकरण तिथे गेलं असेल तर दंड बहुतेक वेळा घरबसल्या भरता येतो. मात्र तसंच सोडून देऊ नका. पुढे गाडी विकायला काढली की नाव बदलताना हेच आडवं येतं.

एक गोष्ट मुलाला नीट विचारा: पोलिसांनी लायसन्स ठेवून घेतलं होतं का? तसं असेल तर तो कागद साधी चिठ्ठी नव्हता. मोटार वाहन कायद्याच्या कलम २०६ प्रमाणे लायसन्स जमा करून घेतलं की तात्पुरती पोच देतात आणि तीवर ठरलेल्या तारखेपर्यंत गाडी चालवता येते. ती हरवली असेल, तर गाडी घरी ठेवून आधी त्याच वाहतूक विभागात जा, ओळखपत्र दाखवा आणि लेखी अर्ज द्या. लायसन्स हरवलं असं सांगून आरटीओत दुसरं काढायच्या भानगडीत मात्र पडू नका. ते खोटं निवेदन होतं.

आणि कळकळीने सांगतो, या दिवसांत व्हॉट्सॲपवर ‘तुमचं चलन थकीत आहे’ म्हणून एपीके फाइल, म्हणजे फोनमध्ये ॲप बसवणारी फाइल आली तर तिला हात लावू नका. ज्याला आपलं चलन कुठे आहे ते ठाऊक नसतं, तोच घाबरून ती उघडतो आणि खातं रिकामं होतं. पैसे गेलेच तर लगेच १९३० ला फोन करा.

आरसीला जुना मोबाइल नंबर जोडलेला असेल, तर परिवहनच्या साइटवर तो आजच बदलून घ्या. पुढचा मेसेज थेट तुमच्या फोनवर येईल. लायसन्सचं काय निघतंय ते इथे कळवा, अर्जाचा मजकूर लिहून देतो.