बातमी नसते त्या दिवशी जायचं

वाचकांचे प्रश्न

या महिन्यातली बरीच पत्रं एकाच विषयावरची आहेत: इंदूरमधल्या ज्या वस्त्यांचं नाव सहसा छापून येत नाही, त्यांची बातमी करायची कशी? त्यातली सहा पत्रं निवडली आहेत.

आमच्या वसाहतीचं आठ पानी मराठी मासिक निघतं. गणेशोत्सव, सत्कार, दहावी-बारावीचे निकाल आणि श्रद्धांजली यापलीकडे त्यात काही नसतं. शेजारी झाबुआ-अलीराजपूरकडून आलेल्या मजुरांची वस्ती आहे. त्यांच्याबद्दल लिहायचं तर सुरुवात कुठून करावी?
(राजेंद्रनगर)

सुरुवात स्वतःच्या जुन्या अंकांपासून करा. मागचे सहा अंक काढा आणि वहीत चार रकाने आखा: बातमी कोणाबद्दल, त्यात बोललं कोण, छायाचित्र कोणाचं, पान कितवं. एका संध्याकाळचं काम आहे. बहुधा असं दिसेल की मजूर अपघातात येतो, चोरीत येतो, नाहीतर ब्लँकेटवाटपात येतो, आणि तिन्ही ठिकाणी बोलतो दुसराच कोणी. म्हणून दुसरा रकाना नीट भरा.

मग एकच वस्ती घ्या. महापालिकेचे ८५ वॉर्ड आहेत, सगळे तुम्हाला झेपणार नाहीत. दोघांनी मिळून ठरलेल्या वारी, ठरलेल्या वेळी जायचं. पहिल्या चार फेऱ्यांत कॅमेरा घरीच ठेवा. बातमी नसते त्या दिवशी जाणाऱ्यालाच बातमी असते त्या दिवशी घरात घेतात, यात दुसरी युक्ती नाही.

वेळ चुकली की सगळं फसतं. सकाळी सात ते नऊ मजूर चौकात कामाची वाट बघत उभे असतात. तेव्हा त्यांना बोलण्यात गुंतवू नका. तेवढ्यात ठेकेदाराची गाडी भरून गेली तर त्या माणसाचा रोज बुडतो. साडेदहानंतर चौकात जे उरतात त्यांना त्या दिवशी काम मिळालेलं नसतं. ते बोलतात, आणि काम का मिळालं नाही हेही सांगतात. घरच्यांना भेटायचं तर संध्याकाळी सातनंतर. होळीआधीचा भगोरियाचा आठवडा आणि पावसाच्या तोंडची पेरणी या दोन वेळी बरीच घरं बंद असतात.

‘हिंदी येते त्यांना’ यावर विसंबू नका. कामापुरती हिंदी येणारा माणूस ‘हाँ, ठीक है’ म्हणतो आणि गोष्ट तिथेच संपते. भिली, भिलाली किंवा बारेली, ज्या घराची जी भाषा असेल ती जाणणारा दुभाषा हवा. ठेकेदार किंवा मुकादम दुभाषा म्हणून चालणार नाही, कारण पैसे बहुतेक वेळा त्याच्याकडेच अडकलेले असतात. शाळकरी मुलालाही हे काम देऊ नका. बापाचं कर्ज किंवा आईचं आजारपण त्याच्या तोंडून वदवून घेणं बरं नव्हे. दुभाष्याला दिवसाची मजुरी द्या; बोलणाऱ्याला बोलण्याचे पैसे देऊ नका.

मजुरी बुडाल्याची तक्रार असेल तर खिशातली हजेरीची डायरी बघायला मागा. पूर्ण दिवसाला एक खूण, अर्ध्या दिवसाला वेगळी, उचल घेतली असेल तर कडेला आकडा. घामाने शाई पसरलेली असते, म्हणून पानाचा फोटो उजेडात, सरळ वरून आणि ज्याची डायरी आहे त्याला विचारून घ्या. त्याच्या जोडीला शेवटची रक्कम कधी आणि किती मिळाली, ठेकेदाराचा मोबाइल नंबर आणि साइटच्या फलकावरचं बांधकाम कंपनीचं नाव, एवढं जमलं की बातमी उभी राहते. ठेकेदाराला फोन करून त्याची बाजू घ्या, फोन कोणत्या वेळी केला तेही लिहून ठेवा.

भगोरिया आला की पानभर रंगीत छायाचित्रं आणि ‘प्रणय पर्व’ असा मथळा ठरलेला. आदिवासी संघटनांनी या शब्दावर अनेकदा आक्षेप घेतला आहे. तो हाट आहे, होळीची खरेदी आहे, वर्षभर बाहेर राबणाऱ्या नातेवाइकांची भेट आहे. त्याच माणसाची इंदूरमधली मजुरी बुडाली तर एक ओळ येत नाही. तुमचं मासिक ही ओळ छापू शकतं.

पोलिसांच्या प्रेसनोटमध्ये ‘पारधी टोळी जेरबंद’ असं येतं. आम्ही ते तसंच छापावं का? जात गाळली तर सत्य लपवलं असं वाचक म्हणतात.
(एका वेब पोर्टलचे बातमीदार, सुदामानगर)

छापू नका. एक कसोटी लावा: पकडलेल्या तिघांची आडनावं जोशी, कुलकर्णी आणि देशपांडे असती तर ‘ब्राह्मण टोळी जेरबंद’ असा मथळा दिला असता का? नसता, तर इथेही नको.

इंग्रजांनी १८७१ साली कायदा करून काही जमाती जन्मानेच गुन्हेगार ठरवल्या. ३१ ऑगस्ट १९५२ रोजी तो कायदा रद्द झाला. म्हणून त्या जमातींना विमुक्त म्हणतात आणि तो दिवस त्या विमुक्त दिन म्हणून पाळतात. पण पारधी, कंजर, सांसी यांच्या नावापुढे आपण ‘टोळी’ लिहितो तेव्हा रद्द झालेला कायदा मथळ्यातून पुन्हा चालू करतो. दुसऱ्या दिवशी त्याच जमातीच्या बाईला घरकामावरून काढतात, पोराला वर्गात चिडवतात. चोरीशी त्या दोघांचा काडीचा संबंध नसतो.

प्रेसनोटमधलं वाक्य ‘पारधी टोळीने चार घरफोड्या केल्याची कबुली दिली’ असं असेल, तर तुम्ही लिहा: ‘घरफोडीच्या संशयावरून तिघांना अटक केल्याचं पोलिसांनी सांगितलं. चार गुन्ह्यांत त्यांचा हात असल्याचा पोलिसांचा दावा आहे.’ जात गेली, आणि पोलिसांपुढच्या कबुलीचा गवगवाही गेला. तशी कबुली न्यायालयात आरोपीविरुद्ध पुरावा ठरत नाही, ती मथळ्यात घेणं चूकच.

जात लिहायची ती अत्याचाराच्या बातमीत, जिथे गुन्हा जातीमुळेच झालेला असतो. नवरदेवाला घोड्यावरून उतरवलं आणि बातमीत ‘दोन गटांत वाद’ असं आलं, तर ते मात्र खरोखर सत्य लपवणं आहे. अनुसूचित जाती-जमाती अत्याचार प्रतिबंधक कायदा लावला की नाही, हे ठाण्यात विचारा आणि उत्तर छापा.

अटकेची बातमी दिलीत तर गुन्हा क्रमांक आणि ठाणं टिपून ठेवा. साठाव्या आणि नव्वदाव्या दिवसाची तारीख कॅलेंडरवर लिहा. गुन्ह्याच्या स्वरूपानुसार तेवढ्या मुदतीत आरोपपत्र आलं नाही तर आरोपीला जामिनाचा हक्क मिळतो. तिघांपैकी एक निर्दोष सुटला तर ती बातमी त्याच पानावर, तेवढ्याच जागेत द्या.

नाव उघड न करण्याचे नियम पक्के आहेत: बलात्कारपीडितेसाठी भारतीय न्याय संहितेचं कलम ७२, बालकांच्या लैंगिक अत्याचारात पोक्सोचं कलम २३, कायद्याच्या कचाट्यात सापडलेल्या किंवा संरक्षणाची गरज असलेल्या बालकांसाठी बाल न्याय कायद्याचं कलम ७४. चूक होते ती नाव गाळून बाकी सगळं सांगण्यात. चाळीस घरांच्या वस्तीत ‘पिठाच्या गिरणीमागे राहणारी नववीतली मुलगी’ म्हणजे नावच झालं.

जातीच्या प्रश्नावर नेटाने केलेल्या बातमीदारीने काय होऊ शकतं याचं उदाहरण ताजं आहे. तुरुंगात जात बघून कामं वाटली जातात, यावर पत्रकार सुकन्या शांता यांनी लिहिलं, मग स्वतःच याचिका केली. ३ ऑक्टोबर २०२४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने ते नियम घटनाबाह्य ठरवले आणि तुरुंगाच्या नोंदवह्यांतला जातीचा रकाना काढायला लावला. विमुक्त जमातींच्या लोकांना मनमानी अटक होऊ नये, असंही पोलिसांना बजावलं.

सेप्टिक टाकीत उतरलेला मजूर दगावला की दोन ओळींची बातमी येते: ‘गुदमरून मृत्यू’. यात आणखी काय विचारायचं असतं?
(मूसाखेडी)

खूप काही. २०१७ पासून ओळीने वर्षानुवर्षं स्वच्छतेत पहिलं आलेल्या शहरात हा प्रश्न तर पहिल्या पानाचा आहे.

आधी कायदा. हाताने मैला साफ करण्यावर बंदी घालणाऱ्या २०१३ च्या कायद्याने सुरक्षा साधनांशिवाय माणसाला गटारात किंवा सेप्टिक टाकीत उतरवणं हा गुन्हा आहे. खासगी घरमालकही त्यात येतो. २० ऑक्टोबर २०२३ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने मृत्यूची भरपाई ३० लाख रुपये केली. त्याआधी २०१४ च्या निकालानुसार ती १० लाख होती. कायमचं अपंगत्व आलं तर किमान २० लाख. बातमीत हे आकडे असायलाच हवेत, कारण पुष्कळदा कुटुंबाला ते माहीत नसतात आणि कोणीतरी लाख-दोन लाखांवर अंगठा घेऊन मोकळं होतं.

आता विचारपूस. टाकी कोणाची, उतरायला कोणी सांगितलं, किती पैसे ठरले? दोर, मास्क, हवा फेकणारा पंखा यांतलं जागेवर काय होतं? ‘साधनं दिली होती’ असं उत्तर आलं तर ती आता कुठे आहेत ते बघा. काम पालिकेचं असेल तर कार्यादेशाचा क्रमांक आणि ठेकेदाराचं नाव झोन कार्यालयातून घ्या. पोलिसांत फक्त ‘मर्ग’ कायम झाला आहे की गुन्हा दाखल झाला, हे आवर्जून विचारा. मर्ग म्हणजे अकस्मात मृत्यूची नोंद, तिच्यात आरोपी नसतो. कित्येक प्रकरणं तिथेच विरतात, आणि बातमीदाराने दर पंधरवड्याला ठाण्यात एक फोन केला तरी ती विरणं अवघड होतं.

दोघे-तिघे एकदम का मरतात, हेही समजावून सांगा. टाकीत हायड्रोजन सल्फाइड साठतो. थोडा असला तर सडक्या अंड्यासारखा वास येतो, जास्त असला की नाकाची जाणीवच बधिर होते, म्हणून ‘वास नाही’ म्हणजे धोका नाही असं मुळीच नाही. पहिला कोसळतो, त्याला काढायला भाऊ उतरतो, मग शेजारी. ‘नशेत होता’ असं कोणी सांगितलं तर शवविच्छेदनाचा अहवाल येईपर्यंत ते छापू नका.

घरच्यांना अंत्यसंस्कार होईपर्यंत प्रश्न विचारू नका. तेराव्यानंतर जा, आणि सहा महिन्यांनी पुन्हा जा: भरपाईचा धनादेश वटला का, मुलं शाळेत आहेत का?

नळाचं पाणी गढूळ येतं, अधिकारी तोंडी सांगतात ‘काम चालू आहे’. कागद कसा मिळवायचा?
(चंदननगर)

माहितीच्या अधिकाराचा अर्ज लोक सूचना अधिकाऱ्याकडे करा. शुल्क १० रुपये, दारिद्र्यरेषेखालच्या अर्जदाराला माफ. ‘पाणी गढूळ का येतं?’ असं विचारलंत तर अर्ज परत येईल, कारण कायद्यात माहिती म्हणजे असलेली नोंद. म्हणून नक्कल मागा: अमुक वॉर्डात अमुक दोन तारखांमध्ये घेतलेल्या पाण्याच्या नमुन्यांचे तपासणी अहवाल, पाइपलाइन दुरुस्तीचे कार्यादेश, देयकं. एका अर्जात एकच विषय. उत्तराची मुदत ३० दिवस. नाही आलं तर पुढच्या ३० दिवसांत पहिलं अपील. जीविताचा प्रश्न असेल तर ४८ तासांत उत्तर देणं बंधनकारक आहे, तसं अर्जाच्या वरच लिहा.

तोवर वस्तीतल्या दहा घरांना तारीख, वेळ आणि पाण्याचा रंग एवढंच वहीत लिहायला सांगा. मंगळवारी अधिकारी लोकांच्या तक्रारी ऐकतात त्या जनसुनवाईत तीच वही आणि अर्जाचा पावती क्रमांक पुढे ठेवता येतात.

आपण मराठी माणसं इथे स्वतःच थोडी. आपल्या मासिकाने आधी आपलं बघावं ना?
(रामबाग)

‘आपलं’ म्हणताना कोण डोळ्यांपुढे येतं, ते एकदा कागदावर लिहून बघा. इंदूरमध्ये मराठी बोलणारी बौद्ध कुटुंबं आहेत, धनगर आहेत, खानदेशातून पोटासाठी आलेले मजूर आहेत. व्याख्यानमालेच्या वृत्तांतात ही मंडळी किती वेळा दिसतात?

बाबासाहेब आंबेडकरांचा जन्म महूचा, इथून तासाभराच्या आतला. ३१ जानेवारी १९२० रोजी त्यांनी ‘मूकनायक’ काढलं ते मराठीतच, कारण तेव्हाच्या मराठी पत्रांत बहिष्कृतांच्या सुखदुःखाला जागा नव्हती. मराठी पत्रकारितेच्या वारशाचा आपल्याला अभिमान असेल तर त्यात हेही पान आहे. आठ पानांतलं एक पान दिल्याने आपलं काही कमी होत नाही, असं आमचं स्पष्ट मत आहे.

आमच्या मोहल्ल्याबद्दल चुकीचं छापून आलं, एका निरपराध मुलाचा फोटोही छापला. काय करता येईल?
(खजराना)

आजच कात्रण ठेवा. वेबसाइट असेल तर पत्ता, तारीख आणि वेळ दिसेल असा स्क्रीनशॉट घ्या, बातमी नंतर गुपचूप बदलते. मग संपादकांना लेखी पत्र द्या: कोणतं वाक्य चूक, खरं काय, पुरावा कोणता. पत्र एका पानाचं पुरे, रागाची विशेषणं गाळा, पोच घ्या.

दैनिक किंवा साप्ताहिक दाद देत नसेल तर भारतीय प्रेस परिषदेकडे प्रकाशनापासून दोन महिन्यांत तक्रार करता येते. संपादकांशी झालेल्या पत्रव्यवहाराची प्रत लागते. बातम्यांच्या वेब पोर्टलला २०२१ च्या माहिती तंत्रज्ञान नियमांप्रमाणे तक्रार अधिकारी नेमावा लागतो आणि त्याने १५ दिवसांत निर्णय द्यायचा असतो.

चूक छापणाऱ्या संपादकांनाही सांगणं आहे: दुरुस्ती बातमी आली त्याच पानावर द्या, आणि तीत तो मुलगा निर्दोष आहे हे पहिल्याच वाक्यात येऊ द्या. त्याचा फोटो पुन्हा छापू नका.