वाचक विचारतात : 15 वर्षांची गाडी आणि पीयूसी

प्रश्न : माझी पेट्रोल कार 2011 ची, पुण्यात नोंदवलेली, नंतर मी सेकंडहँड घेतली. आता नोंदणीचं नूतनीकरण आहे आणि पीयूसीत गाडी नापास झाली. शेजाऱ्यांची त्याच वर्षाची, धुळ्यात घेतलेली गाडी मात्र पास! असं कसं?
– एक वाचक, अमळनेर

उत्तर : आरसीवर बीएस-4 (गाडीच्या धुराचं सरकारी मानक) लिहिलंय का बघा. 2010 मध्ये बीएस-4 फक्त 13 शहरांत लागू झालं. त्यात पुणे, सोलापूर आणि सुरतही होतं. खानदेशात ते आलं 2017 ला. शेजाऱ्यांची गाडी बीएस-3 असेल, तर तिला आयडलिंगला (गाडी उभी, इंजिन चालू) कार्बन मोनॉक्साइड 0.5 टक्के आणि हायड्रोकार्बन 750 पीपीएमपर्यंत चालतं. बीएस-4 ला मर्यादा 0.3 टक्के आणि 200 पीपीएम. शिवाय 2500 आरपीएमला मोनॉक्साइड 0.2 टक्क्यांच्या आत आणि लॅम्बडा (हवा-इंधनाचं प्रमाण) 0.97 ते 1.03 हवा.

नापासाची पावती मेकॅनिकला दाखवा. नुसता मोनॉक्साइड जास्त असेल तर एअर फिल्टर आणि ऑक्सिजन सेन्सर बघायला सांगा. हायड्रोकार्बन जास्त म्हणजे मिसफायर : प्लग, कॉइल. लॅम्बडा 1.03 च्या वर गेला तर बहुतेक वेळा सायलेन्सरचा सांधा बाहेरची हवा ओढतोय. सगळं ठीक असूनही आकडे चढेच येतात, तेव्हा कॅटॅलिटिक कन्व्हर्टर (धुरातले विषारी वायू कमी करणारा भाग) थंड असतो किंवा संपलेला. म्हणून आधी धुळे रस्त्यावर 15-20 किलोमीटर गाडी पळवा आणि इंजिन गरम असतानाच तपासणी करा. घरापासून दोन गल्ल्या चालवून नेलेली चांगली गाडीही नापास होते.

पीयूसी हातात आल्यावरच परिवहनच्या संकेतस्थळावर नूतनीकरणाचा फॉर्म 25 भरा. मुदत संपण्याआधी 60 दिवसांत अर्ज करता येतो. 20 वर्षांपर्यंतच्या कारला शुल्क 5000 रुपये, उशीर झाला तर महिन्याला 500 वेगळे. पर्यावरण कर आणखी निराळा. विमा चालू हवा आणि एचएसआरपी (हाय सिक्युरिटी) नंबर पाटीही बसवून घ्या. आरसीला तुमचा मोबाइल नंबर जोडलाय ना? जुन्या मालकाचा राहिला असेल, तर ओटीपी पुण्याला जाईल.

प्रश्न : डिझेल गाडी काळा धूर सोडते. चालेल का?
– एक वाचक, शहादा

उत्तर : धुराची मर्यादा बीएस-3 ला 65 हार्ट्रिज (धुराची घनता मोजायचं एकक), बीएस-4 ला 50. तपासताना गाडी न्यूट्रलला ठेवून ॲक्सिलरेटर पूर्ण दाबतात, त्यामुळे टायमिंग बेल्ट जुना असेल तर आधी बदला. धुळीच्या रस्त्यांवर एअर फिल्टर लवकर चोंदतो, सुरुवात तिथूनच करा. मग ईजीआर व्हॉल्व्ह (थोडा धूर परत इंजिनात सोडणारी झडप) साफ करा; इंजेक्टरला हात लावायची वेळ सहसा त्यानंतरच येते.